आमसूल, कुडमपुळी आणि कॅप्सूल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही चार शब्द बोलावेत असा निरोप कार्यवाहांनी धाडला, तेव्हा 'परप्रांतातील मराठी माणूस' किंवा तत्सम एखादा भारदस्त विषय त्यांच्या मनात असावा. आम्ही उलटटपाली 'आमसूल' असा विषय कळविला. कार्यवाह सज्जन आहेत. त्यांनी तो निमूटपणे निमंत्रणपत्रिकेत छापला. विषय क्षुल्लक वाटला तरी त्यामागे एक कारण आहे, आणि ते आपल्या मंडळातच घडलेले आहे.

गेले वर्षभर आम्ही पाहत आहो की हळदीकुंकू असो वा कोजागरी, एका बाटलीची चौकशी हलक्या आवाजात चाललेली असते. आटीव दुधाचा पेला एका हातात आणि वजन उतरविणाऱ्या कॅप्सुलांचा पत्ता दुसऱ्या हातात, असे ते दृश्य. बाटलीवर 'गार्सिनिया कँबोजिया' असे नाव. शिफारस करणारी व्यक्ती एक वाक्य हमखास बोलते : "अहो, हे औषध नव्हेच, आपल्या कोकमासारखे फळच आहे ते." या वाक्याचा अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्यामुळे आज हे भाषण करावे लागत आहे. आम्ही वैद्य नव्हे, साधे बी. ए. आहो, परंतु तीस वर्षे केंद्रीय सेवेत कागद वाचण्यात गेली असल्यामुळे बारीक अक्षरांतला मजकूर शेवटपर्यंत वाचण्याची खोड जडली आहे.

प्रथम खऱ्या अर्ध्याविषयी. आपले कोकम, म्हणजे कोकणातील रातांबा आणि गोव्यातील भिरंड, हे 'गार्सिनिया' कुळातील झाड. ज्या केरळात आपण सारे पोटापाण्यासाठी येऊन राहिलो आहोत, तेथील कुडमपुळी त्याच कुळातील. येथील बाजारात जे मँगोस्टीन मिळते तेही याच घराण्यातले. म्हणजे नाते सख्खे नसले तरी चुलत खचित आहे. रातांबा गोल, गुळगुळीत, पिकला की गडद लाल. कुडमपुळीचे फळ लहानशा भोपळ्याप्रमाणे खाचाखाचांचे आणि पिकल्यावर पिवळे. रातांबा पिकतो ऐन वैशाखात. म्हणून त्याची साल त्याच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळविता येते आणि आमसूल तयार होते. कुडमपुळी पिकते पावसाळ्यात, उन्हाचा भरवसा नसताना. म्हणून ती चुलीवरच्या धुरात वाळवितात. तिचा काळा रंग आणि धुरकट वास यांचे मूळ हे. येथील लाल माशाचे कालवण तिच्यावाचून होत नाही. श्रीलंकेत तिला गोरका म्हणतात, कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात उप्पगे. कोडगूत तिच्या रसापासून दाट, काळे, आंबट असे कचमपुळी नावाचे द्रव्य करतात आणि ते डुकराच्या मटणात घालतात.

आमच्यासारख्या कोकणी मनुष्याला आमसुलाची थोरवी सांगण्याचा मोह आवरणे कठीण. आमटीतले आमसूल, सोलकढीतला आगळ, उन्हाळ्यातले अमृत कोकम. अंगावर पित्त उठले की आजी आमसुलाचे पाणी चोळीत असे. बियांच्या तेलाचे मुठेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावीत. आपल्या मंडळात देशावरची मंडळी बहुसंख्य असल्याने चिंच श्रेष्ठ की आमसूल हा वाद पूर्वीपासून चालू आहे. त्याचा निकाल लावण्यास पन्नास वर्षे अपुरी पडली, तेव्हा आज तो येथेच सोडून देतो.

आता या फळाची कॅप्सूल कशी झाली ते पाहू. ती कथा मोठी उद्बोधक आहे, आणि तिचा आरंभ आपल्याच देशात आहे. या फळांचा आंबटपणा टार्टरिक आणि सिट्रिक आम्लांमुळे असावा, असे पूर्वी समजत. मैसूर येथील केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की कुडमपुळीतले मुख्य आम्ल निराळेच, म्हणजे हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे. कोकमातही ते असते. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की हे आम्ल शरीरातील एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडथळा करते. आपण भात, साखर खातो, त्यातील गरजेपेक्षा जास्त अंशाची चरबी करावयाची झाली तर पेशीत सिट्रेट नावाचे द्रव्य फोडावे लागते. फोडण्याचे काम हा विकर करतो. फळातले आम्ल सिट्रेटासारखेच दिसते, त्यामुळे विकराची फसगत होते. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी, तसे. उंदरांना हे आम्ल दिले तेव्हा त्यांच्या शरीरात चरबी कमी तयार झाली आणि त्यांची भूकही घटली.

येथपर्यंत सारे शास्त्रशुद्ध आहे. घोटाळा पुढे झाला. उंदीर धान्यावर पोसलेला, आणि पिष्टापासून चरबी करण्यात तो वाकबगार. मनुष्याचे तसे नाही. आपल्या पोटावर जी चरबी साठते तिचा मोठा भाग आपण खाल्लेल्या तेलातुपातूनच जातो. पिष्टापासून नवी चरबी मनुष्य फार थोडी बनवितो. म्हणजे जो रस्ता बंद करावयाचा, त्या रस्त्याने आपली रहदारी मुळातच तुरळक. ही गोष्ट बाटलीवर कोठेही लिहिलेली नसते.

मनुष्यावरील मोठी कसोटी न्यूयॉर्कमध्ये झाली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १३५ स्थूल व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल मिळेल इतक्या गोळ्या, दुसऱ्याला दिसण्यात तशाच पण निष्क्रिय गोळ्या. आहार दोघांनाही सारखाच, मिताहार. कोणाला काय मिळाले हे बारा आठवडे कोणासही ठाऊक नव्हते. अखेर वजने केली तेव्हा फळाच्या गोळ्या घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो उतरले होते, आणि निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबाने नगण्य आहे, म्हणून पोकळ गोळी जिंकली असे म्हणू नये. परंतु फळाची गोळी जिंकली नाही एवढे निश्चित. जे उतरले ते मिताहाराने उतरले.

पुढे २०११ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. नऊ चाचण्यांची बेरीज-वजाबाकी करता कॅप्सूल घेणाऱ्यांच्या बाजूने सरासरी ०.८८ किलोचा फरक निघाला, आणि केवळ काटेकोर चाचण्या घेतल्या तर तोही उरला नाही. एका सणाच्या श्रीखंडपुरीने एवढे वजन परत येते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

असे असता हा बोलबाला झाला कसा? शास्त्रीय नियतकालिके थोडे लोक वाचतात, दूरचित्रवाणी सारे पाहतात. अमेरिकेत मेहमेत ऑझ नामक लोकप्रिय डॉक्टरांनी आपल्या कार्यक्रमातून या फळाची मुक्तकंठाने स्तुती केली, आणि मागणी कल्पनेपलीकडे वाढली. जून २०१४ मध्ये तेथील सिनेटच्या समितीपुढे सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी त्यांना या व अशाच अन्य स्तुतिपाठांबद्दल खडसावून विचारले. तोवर बाटल्या जगभर पोहोचल्या होत्या. येथे थोडे विषयांतर करतो. ही मागणी त्याच्याही आधी, १९९० च्या दशकात, निर्यातीच्या रूपाने पश्चिम घाटात पोहोचली होती. शिरसी-सिद्धापूर भागातील खेडूत जे उप्पगे घरापुरते गोळा करीत, त्याला एकाएकी भाव आला, आणि पावसाळ्यात ते वाळविण्यासाठी जंगलातले लाकूड गाड्यागाड्यांनी जळू लागले. परदेशातील कोणाची कंबर बारीक व्हावी म्हणून सह्याद्रीतले सरपण संपावे, असा हा व्यापार.

निरुपयोगी परंतु निरुपद्रवी असती तर या कॅप्सुलेवर आम्ही आपला इतका वेळ घेतला नसता. पैसे गेले, विषय संपला. परंतु प्रश्न यकृताचा आहे.

मे २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सिकट' नावाची उत्पादने घेऊ नयेत असा इशारा दिला. त्यांपैकी अनेकांत हे फळ एक घटक म्हणून होते. यकृताला गंभीर इजा झाल्याचे २३ वृत्तान्त प्रशासनाकडे आले होते; एका तरुणाचा मृत्यू झाला होता, एका रुग्णाला यकृताचे प्रत्यारोपण करावे लागले होते. त्या उत्पादनांत अनेक द्रव्यांची सरमिसळ असल्यामुळे दोष नेमका कोणाचा हे तेव्हा ठरेना. पुढे औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील एका संशोधनजालाने २००४ ते २०१८ या काळातील १४१८ रुग्ण तपासले, आणि २०२२ मध्ये त्यांपैकी २२ जणांच्या यकृताची इजा या फळाच्या अर्काशी जोडली. पाच जणांनी हा अर्क एकटाच घेतला होता, सोळा जणांनी ग्रीन टीच्या अर्कासह, एकाने अश्वगंधासह. या रुग्णांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण इतरांपेक्षा अधिक वेळा आढळली. म्हणजे शंभरांनी कॅप्सूल घेतली तर बहुतेकांना काहीच होणार नाही. आणि ज्याला होणार त्याच्या कपाळावर ती खूण लिहिलेली नसते. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०२५ मध्ये असे पूरक पदार्थ कोणीच घेऊ नयेत असा स्पष्ट सल्ला दिला. तिच्यापुढे आलेल्या तक्रारींत यकृताबरोबर मन, पोट आणि हृदय यांच्याही तक्रारी होत्या.

आकडे दूर देशीचे आहेत. आता जवळचे सांगतो. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या पत्नीला नणंदेने गावाहून अशी बाटली पाठविली. दोनेक महिन्यांनी अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, लघवीला चहासारखा रंग आला आणि मग डोळे पिवळे झाले. येथील इस्पितळात विषाणूजन्य काविळीच्या सर्व तपासण्या झाल्या. एकीतही दोष नाही. डॉक्टरांनी दोन-तीनदा विचारले, औषध कोणते घेता? आयुर्वेदिक? होमिओपॅथी? उभयतांनी प्रत्येक वेळी मनापासून उत्तर दिले, काही नाही. खोटे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. त्या बाईंच्या लेखी ते औषध नव्हतेच! चौथ्या दिवशी साताऱ्याहून त्यांच्या मातोश्री आल्या, आणि स्वयंपाकघर आवरताना त्यांना ती बाटली मिळाली. ती औषधांच्या खणात नव्हती. मांडणीवर, आमसुलाच्या डब्याशेजारी होती. बाटली डॉक्टरांपुढे गेली, कॅप्सूल बंद झाली, तरी रक्ताचे अहवाल पूर्ववत व्हावयास सुमारे दोन महिने लागले. याच कॅप्सुलेने झाले असे शपथेवर सांगता येणार नाही, पण ती पुन्हा घेऊ देणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. शास्त्राच्या माणसाने याहून अधिक बोलूही नये.

आपल्यासारख्यांच्या घरी हे सहज घडू शकते. येथे सासूबाई नाहीत, शेजारच्या काकू नाहीत, पिढीजात वैद्य नाहीत. गावाकडून पार्सलाने जे येते त्याला आपण डोळे मिटून आपले मानतो, आणि येथील डॉक्टरांशी बोलताना निम्मे शब्द भाषेच्या अडचणीत राहून जातात. म्हणून आमची एक नम्र सूचना. कॅप्सूल, चूर्ण, काढा, सरबत, जे काही चालू असेल ते, त्याला औषध म्हणावे की नाही याचा विचार न करता, बाटलीसकट डॉक्टरांपुढे ठेवावे.

आता कोणी म्हणेल, आमसूल तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. त्यातही तेच आम्ल आहे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबात आहे. कुडमपुळीच्या वाळलेल्या सालीत हे आम्ल शेकडा १० ते ३० असते. न्यूयॉर्कच्या चाचणीतला दैनिक १५०० मिलिग्रॅमचा रतीब सालीतून भरून काढावयाचा तर एका माणसाने रोज ५ ते १५ ग्रॅम साल पोटात घालावी लागेल, आणि तीही महिनोन्‌महिने. चौघांच्या आमटीत आपण चार-पाच आमसुले टाकतो, ती बहुधा ताटाच्या कडेला काढून ठेवतो, आणि उद्या पिठले असते. शिवाय हे आम्ल मुक्त स्थितीत टिकाऊ नसते. त्याचे लॅक्टोन नावाचे रूप होते, आणि ते रूप त्या विकराला अडवीत नाही. म्हणूनच कारखान्यात त्याचे कॅल्शियम किंवा पोटॅशियमबरोबर क्षार करून ते कॅप्सुलेत भरतात. तेव्हा स्वयंपाकातली साल आणि बाटलीतला अर्क यांचे कुळ एक असले तरी वस्तू दोन आहेत.

आमच्या नोकरीचा धर्म म्हणून कायद्याविषयी थोडेसे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या विकारांवर औषधाच्या गुणाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या अनुसूचीत स्थूलता आहे. मग या जाहिराती कशा चालतात? तर ही कॅप्सूल कायद्याच्या दृष्टीने औषध नाही, अन्न आहे; तिच्यावर अंमल २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याचा आणि त्याखालील २०१६ च्या विनियमांचा. त्या विनियमांनी बाटलीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक केले. आपण बाटली फिरवून पाहावी : एका अंगाला ठसठशीत अक्षरांत बारीक कंबर, दुसऱ्या अंगाला मुंगीच्या अक्षरांत हा खुलासा. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक नसेल तर ती बाटली घरातच येऊ देऊ नये. वजन उतरविण्याच्या 'नैसर्गिक' म्हणविणाऱ्या उत्पादनांत सिब्युट्रामिनसारखे औषध लपवून मिसळल्याचे अमेरिकेत वारंवार उघडकीस आले आहे. हृदयाला धोका म्हणून या औषधावर भारतात २०११ मध्येच बंदी आली. गुण चटकन येतो आहे असे वाटले तर आनंदाऐवजी संशय धरावा, हे बरे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी, मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी या अर्काच्या वाटेस जाऊ नये. मन खिन्न राहते म्हणून ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी तर विशेषच सांभाळावे. त्या औषधांबरोबर हा अर्क घेतल्याने प्रकृती गंभीर झाल्याच्या नोंदी आहेत. आणि जे आजच घेत असतील त्यांना भूक मंदावणे, मळमळ, खाज, गडद लघवी यांपैकी काही जाणवले तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये.

वजनाची चिंता खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा २४ स्त्रिया आणि सुमारे २३ पुरुष जादा वजनाचे आढळले. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असे आपल्या देशातील तज्ज्ञ सांगतात. या सभागृहात टेप फिरविली तर व्यासपीठापासूनच हरकती सुरू होतील. मात्र एक पाहिले पाहिजे. बाटलीची चौकशी करणाऱ्यांत कंबरेची खरी काळजी करावी असे गृहस्थ क्वचितच दिसतात. दिसतात त्या लग्न ठरावयाच्या मुली आणि नुकत्या बाळंत झालेल्या सुना, ज्यांना कोणीतरी चारचौघांत 'जाड झालीस ग' असे म्हटलेले असते. ते म्हणणारे आपणच असतो, बहुधा याच सभागृहात.

जाता जाता, भगिनींनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर राहिले : आमसुले संपली तर कुडमपुळी चालेल काय? माशाच्या कालवणात उत्तम चालते. दोन-तीन तुकडे धुऊन कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावे, पाण्यासकट मातीच्या भांड्यात घालावे, आणि आंबटपणा पुरेसा उतरला की तुकडे काढून टाकावे. बांगड्याचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते. साठवणीसाठी येथील बायका तिला मीठ आणि खोबरेल चोळून बरणीत भरतात, तसे करावे. वरण-आमटीत मात्र तिचा धुरकट वास वर येतो, आणि सोलकढीला तर ती अगदीच निरुपयोगी, कारण आमसुलाचा तो लाल रंग तिच्यात नाही. त्यासाठी आमसुले गावाहूनच आणावी लागतील. येत्या मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत, म्हणजे मंडळातर्फे एकत्र मागणी नोंदविता येईल.